शाळोत्तर उपक्रमांचे नियोजन

शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत मुलामुलींसाठी नियमितपणे चालविल्या जाणाऱ्या खेळ, कला, वाचन, विज्ञानप्रयोग, सहली इत्यादी कार्यक्रमांस शाळोत्तर उपक्रम म्हणतात. शिकवणी वर्गात शाळेचाच अभ्यास पुन्हा घेतला जातो. शाळोत्तर उपक्रमाचा रोख परीक्षेत न मोजल्या जाणाऱ्या गुणांकडे असतो: चारचौघांत बोलणे, हार पचविणे, वेळ पाळणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे. अशा उपक्रमांचे यश साधनसामग्रीपेक्षा नियोजनावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

संध्याकाळी मुलांना एकत्र आणण्याची रीत नागपूरला नवी नाही. १९२५ मध्ये याच शहरात स्थापन झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि १९४१ मध्ये सुरू झालेले राष्ट्र सेवा दल यांच्या विचारसरणी परस्परविरोधी आहेत. तरीही ठरलेली वेळ, ठरलेले मैदान, आधी खेळ व मग गाणी आणि चर्चा हा शाखेचा साचा दोहोंकडे सारखाच दिसतो. खेळ आधी ठेवण्यामागे व्यवहारज्ञान आहे. मूल मैदानावर येते ते खेळायला. बाकीचे सारे त्यानंतर.

नागपुरातील उदाहरण

हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात काही मुलांना फुटकी बादली चेंडूसारखी लाथाडत खेळताना पाहिले आणि त्यांच्या हाती खरा फुटबॉल दिला. त्यातून २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम उभे राहिले. ते पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. आरंभीच्या स्पर्धेतच १२८ संघ उतरले होते. संस्थेने खेळाला शिक्षण, आरोग्य आणि स्त्री-पुरुष समभाव यांची जोड दिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा हिंदी चित्रपट बारसे यांच्या कार्यावर आधारित आहे. चित्रपटामुळे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु पडद्यावर सामने अधिक दिसतात. रोजचा सराव, हजेरी आणि पालकांच्या भेटी यांचे काम त्यामानाने नीरस असते, आणि उपक्रम टिकतो तो याच कामावर.

वेळेचे गणित

नियोजनाची सुरुवात ‘काय शिकवावे’ या प्रश्नाने न होता ‘मूल मोकळे केव्हा असते’ या प्रश्नाने व्हावी. नागपुरात डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पाच वाजता सुटणाऱ्या शाळेतील मुलाला उजेडाचा जेमतेम अर्धा तास मिळतो. तेव्हा हिवाळ्यात मैदानी खेळ रविवारी सकाळी आणि आठवड्यातील इतर संध्याकाळी वाचन, नाट्य, बुद्धिबळ किंवा हस्तकला ठेवणे शहाणपणाचे ठरते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा सूर्यास्तानंतरच मैदान वापरावे. उन्हामुळेच विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. पुण्या-मुंबईकडचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले तर ते येथे फसते.

घरचे काम हा दुसरा अडसर. नळाला पाणी येण्याची वेळ, धाकट्या भावंडांना सांभाळणे, बाजारातील दुकानावर बसणे ही कामे लक्षात न घेता आखलेला कार्यक्रम गरजू मुलांनाच वगळतो, आणि ज्यांना घरी सवड व सोयी आहेत त्यांचीच गर्दी होते. वस्तीत आठवडाभर फिरून पालकांशी बोलल्यानंतर वेळ ठरवावी. धाकट्या भावंडाला सोबत आणण्याची मुभा दिल्यास अनेक मुलींची वाट मोकळी होते.

मुलींचा सहभाग

मुली न येण्याचे कारण बहुधा अनिच्छा नसते. परतताना होणारा अंधार, स्वच्छतागृहाचा अभाव, मैदानाभोवती घुटमळणारी टवाळ मुले आणि ‘लोक काय म्हणतील’ ही घरची धास्ती, ही खरी कारणे असतात. त्यांवरील उपायही तितकेच साधे आहेत: मुलींनी गटाने जाणे-येणे, एक तरी स्त्री मार्गदर्शक असणे, आणि आईला सराव पाहावयास बोलावणे.

खेळाच्या नियमांतही बदल करता येतो. फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार याची १९९४ मध्ये कोलंबियातील मेदेयिन शहरात हत्या झाली. त्यानंतर तेथे हिंसाचारग्रस्त वस्त्यांसाठी शांततेचा फुटबॉल सुरू झाला. त्यात मुलगे-मुली एकत्र खेळत आणि पहिला गोल मुलीनेच करावा असा दंडक होता. त्यातून आज ‘फुटबॉल३’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार विकसित झाला. यात पंच नसतो. सामन्यापूर्वी दोन्ही संघ बसून नियम ठरवितात, मग खेळतात आणि शेवटी पुन्हा बसून नियम कोणी कितपत पाळले यावर एकमेकांना गुण देतात. ‘स्लम सॉकर’नेही ही पद्धत स्वीकारली. वस्तुतः कबड्डी, लगोरी, लंगडी यांनाही ती लावता येईल, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

खेळापलीकडे

सर्वच मुलांना मैदान मानवत नाही. गांधीसागर तलावाजवळचे रमण विज्ञान केंद्र, ‘अजबबंगला’ या नावाने लोकांना ठाऊक असलेले मध्यवर्ती संग्रहालय (स्थापना १८६३) आणि महाराजबाग ही ठिकाणे शहरातच आहेत. मात्र सहलीपूर्वी मुलांनीच प्रश्न काढून न्यावेत. एरवी सहलीची आठवण डब्यापुरती उरते.

मार्गदर्शक व हजेरी

बाहेरून येणारा तज्ज्ञ बहुधा वर्षभरात निघून जातो. म्हणून त्याच वस्तीतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना साहाय्यक नेमून हळूहळू त्यांच्याकडे जबाबदारी सोपविण्याची पद्धत अधिक टिकाऊ ठरते. एका मार्गदर्शकाकडे पंधरा-वीसांहून अधिक मुले नसावीत. प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचे पाणी आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक यांखेरीज पहिला दिवस सुरू करू नये.

मूल्यमापनासाठी बक्षिसांची संख्या पुरेशी नाही. हजेरीवहीतील गळालेली नावे अधिक सांगतात. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी जावे. आजारपण, स्थलांतर, मजुरी किंवा ठरलेले लग्न, यांपैकी जे असेल ते तेथेच कळते, आणि कित्येकदा शाळेला ते त्यानंतर कळते.