रोजची चिंधी, वर्षाची गोधडी
महिन्याला एक रंग : वैशाखात पुरी होणारी गोधडी आणि तिचा रोकडा हिशेब

या पानावर आपण बियाणे, खत, पाणी, भाव यांविषयी बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. तुमच्या घरातल्या माळ्यावर, पेटीमागे किंवा कणगीच्या आडोशाला एक बोचके नक्की असेल. जुनी लुगडी, विटलेले सदरे, पोरांचे फाटके परकर, शिंप्याकडून आणलेले तुकडे. ‘एखादे दिवशी गोधडी शिवू’ म्हणून बांधलेले. तो दिवस येत नाही आणि बोचक्यात उंदीर मात्र संसार थाटतो. खरे की नाही?

मागच्या पावसाळ्यात कपाशीवरील फवारणीची काळजी कशी घ्यावी हे सांगायला एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीवर एक आजी नातवासाठी दुपटे शिवत बसल्या होत्या. वर नातीच्या झग्याचे रंगीत तुकडे, खाली मऊ लुगडे. मधल्या थराकडे लक्ष गेले, तर निळ्या रेघांचा सदरा. मी विचारले, “आजी, हा कुणाचा?” म्हणाल्या, “ल्योकाचा. फवारणीला घालायचा. धुतलाय की दोनदा!”

बघा, आपण बांधावर उभे राहून हातमोजे आणि तोंडाला फडके यांची शिकवण देत होतो, आणि तेच विष घरात दुपट्याच्या पोटात शिरत होते. आजींची चूक नव्हती. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते, म्हणजे चूक आमची. आजींनी तो थर त्याच वेळी उसवून काढला. तेव्हापासून गोधडी हा विषय माझ्या कामाच्या वहीत लिहिला गेला.

पहिला नियम : फवारणीचा कपडा गोधडीत नको

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपण विसरलेलो नाही. औषध कातडीतून अंगात जाते, कपड्याच्या धाग्यात मुरते आणि साध्या धुण्याने ते पूर्ण निघेलच असे नाही. म्हणून फवारणीचा एक जोड कायमचा वेगळा ठेवावा. तो घरच्या धुण्यात मिसळू नये. काम संपताच त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि साबण वापरून धुवावा आणि उन्हात वाळवावा. तो फाटला की त्याचे पोतेरे नको, ठिगळ नको आणि गोधडी तर नकोच नको. तान्हे मूल गोधडीवर झोपते, तिचा कोपरा चोखते. एवढे लक्षात ठेवले तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले म्हणेन.

महिन्याला एक रंग

आता मूळ मुद्दा. गोधडी होत नाही याचे कारण आळस नव्हे. मोठे काम एकदम करायला घेतले की ते अंगावर येते. सगळे बोचके एका दिवशी सोडायचे, तुकडे निवडायचे, रंग जुळवायचे, म्हणेपर्यंत खुरपणी येते. त्यापेक्षा पिकासारखे वेळापत्रक ठेवावे. अकरा महिने, अकरा रंग. दर महिन्याला एकाच रंगाचे 8 चौकोन, म्हणजे आठवड्याला फक्त 2. बाराव्या महिन्यात, वैशाखात, बांधणी. रान मोकळे, ऊन कडक, आणि पावसाळ्याआधी गोधडी तयार.

रंग असे ठरवले की कुणाला कागद बघावा लागणार नाही :

ज्येष्ठ – मातकट, तपकिरी. कुळवलेल्या रानाचा.
आषाढ – जांभळा आणि गडद निळा. ढगांचा.
श्रावण – गर्द हिरवा.
भाद्रपद – लाल. गणपतीच्या जास्वंदीचा.
आश्विन – पिवळा. दसऱ्याच्या झेंडूचा.
कार्तिक – पांढरा. वेचणीला आलेल्या कापसाचा.
मार्गशीर्ष – गुलाबी. लक्ष्मीच्या कमळाचा.
पौष – काळा. संक्रांतीच्या चंद्रकळेचा.
माघ – आकाशी. निरभ्र आभाळाचा.
फाल्गुन – केशरी. पळसाचा.
चैत्र – पोपटी. नव्या पालवीचा.

अधिक महिना आला तर तो उरल्यासुरल्या तुकड्यांचा. सगळे चौकोन त्यात भरून काढावेत.

एक रंग म्हणजे एकच छटा नव्हे. हिरव्यात आंब्याचे पान आले, गवत आले, बाटलीचा हिरवा आला. उलट प्रत्येक चौकोनात एक फिका आणि एक गडद तुकडा असलाच पाहिजे, नाहीतर गोधडी लांबून सपाट दिसते. छापील फुले, चौकडी, रेघा सगळे चालते. कापड लांब धरून, डोळे किलकिले करून बघावे. जो रंग आधी दिसेल तो त्या कापडाचा महिना.

ज्येष्ठात पेरणी आहे, तेव्हा 8 चौकोन कुठून होणार, असे कुणी म्हणेल. नाही झाले तर नाही झाले. त्या महिन्यात तुकडे फक्त निवडून पिशवीत भरून ठेवावेत. पौष-माघात हात मोकळे झाले की मागची बाकी फेडता येते. या कर्जाला व्याज नाही.

कापडाची पारख

बियाणे जसे पारखून घेतो तसे कापड पारखावे. गोधडीला सुतीच हवे. टेरिकॉट, नायलॉन घाम शोषत नाही आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. ओळख सोपी आहे. पाण्याच्या थाळ्यावर, मोठ्या माणसाने, चिमट्यात दोन धागे धरून जाळून बघावेत. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. कृत्रिम धागा आकसतो आणि त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात थोडे हे, थोडे ते दिसते. तेही बाजूला ठेवावे.

दुसरी परीक्षा रंगाची. लाल, काळा आणि गडद निळा हे तीन दगाबाज. तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासावा. रंग उतरला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा. तरीही उतरत राहिला तर त्याचा मोह सोडावा. एका गटाच्या बाया लाल काठ न तपासता शिवत गेल्या. पहिल्या धुण्यात पांढऱ्या पट्टीवर डाग पडले आणि गिऱ्हाईक गोधडी घेऊन परत दारात आले. महिन्यांची मेहनत एका बादलीत गेली.

तिसरी गोष्ट : शिंप्याकडचे कोरे तुकडे आधी धुऊन घ्यावेत. कोरे कापड आटते, जुने आटत नाही. दोन्ही शेजारी शिवले तर धुतल्यावर चुण्या पडतात.

चौकोन असा करावा

एखादी विरलेली सुती साडी घेऊन तिचे 9 इंचाचे चौकोन कापावेत. पन्हा 45 इंच असेल तर रुंदीत 5 चौकोन बसतात आणि एका पाचवारीतून लागणारे 88 सहज निघून वर काही उरतात. हा झाला पाया. पायाच्या मधोमध त्या महिन्याच्या रंगाचा एक लहान तुकडा ठेवावा. मग त्याच्या एका बाजूला पट्टी उलटी ठेवून टाका घालावा आणि ती सुलटी करून दाबावी. अशा चारी बाजूंनी, भाताच्या खाचराला बांध घालावा तशा, पट्ट्या घालत कडेपर्यंत यावे. पट्ट्या लहानमोठ्या असल्या तरी बिघडत नाही. शेवटी पायाच्या मापाने कडा कापाव्यात. दोन बोटे रुंदीची पट्टीसुद्धा कामी येते, म्हणजे फेकायला काही उरतच नाही.

सर्व बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जातो, म्हणून 9 चा चौकोन 8 चा होतो. 8 चौकोन एका ओळीत जोडले की 64 इंचाची पट्टी झाली. महिना संपला की पट्टी जोडून, घडी घालून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून डब्यात ठेवावी. अकरा पट्ट्या एकाखाली एक जोडल्या की 88 इंच लांबी. म्हणजे साधारण सव्वापाच फूट बाय सव्वासात फूट. मोठ्या माणसाला पायावर घेऊन वर डोक्याखाली मुडपायला पुरते.

वैशाखातली बांधणी

सारवून वाळलेल्या किंवा स्वच्छ पुसलेल्या जमिनीवर आधी तळाची साडी पसरावी. पाचवारीचे दोन सारखे तुकडे लांबीत जोडले की तळ झाला, कडा मुडपायलाही कापड राहते. त्यावर मधला थर : उन्हाळी वापराला एक जुनी साडी किंवा धोतर, थंडीसाठी दोन. सर्वांत वर आपल्या अकरा पट्ट्या. मधून कडेकडे हात फिरवून सळ काढावेत, वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत, मगच उचलावे. ही पायरी घाईत टाळली की खालच्या अंगाला गोळे झालेच म्हणून समजा.

मग धावदोरा. कडा मुडपून कोपऱ्यापासून सुरुवात करावी आणि कडेकडेने फिरत आत-आत मध्याकडे जावे. दोन ओळींत दोन बोटे अंतर, टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. ओळी दाट असतील तेवढे आयुष्य जास्त. गोधडी मऊ लुगड्यावर टिकत नाही, टाक्यावर टिकते. चौघी चार बाजूंनी बसल्या तर कामही उरकते आणि चार गोष्टीही होतात.

हिशेब : इथेच आपण फसतो

आता ही गोधडी विकायची झाली तर काय भावाने? बहुतेक भगिनी म्हणतात, “कापड जुनंच होतं, द्या काय द्यायचं ते.” भगिनींनो, थांबा. वही काढा.

दोन बोटे अंतराने पूर्ण गोधडी भरायची तर धावदोऱ्याची लांबी सुमारे 300 फूट होते. इंचाला 4 टाके धरले तर जवळजवळ 15 हजार टाके. समजा, एका चौकोनाला अर्धा तास लागला, तर 88 चौकोनांचे 44 तास. जोडणी आणि टाके यांना 60 तास धरू. एकूण 104 तास, म्हणजे 8 तासांचे 13 दिवस. तुमच्या गावात खुरपणीला बाईला जी मजुरी आहे तिला 13 ने गुणा. त्यात दोरा, सुई, साबण आणि बाजारला जाण्याचे भाडे मिळवा. तो आकडा म्हणजे उत्पादन खर्च. नफा अजून धरलेलाच नाही. तुमचा हात जलद असेल तर तास कमी लागतील, म्हणून दर महिन्याच्या पट्टीमागे लागलेले तास वहीत लिहा.

पिकाच्या हमीभावाची चर्चा निघाली की घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरलीच पाहिजे, असे आपण चावडीवर ठणकावून सांगतो. बरोबरच आहे ते. मग तोच न्याय घरच्या बाईच्या सुईला का नको? ‘रिकाम्या वेळात केले’ या शब्दाने आपण आपल्याच घरातला माल मातीमोल करतो. त्या बाईला रिकामा वेळ कुठला? तिने झोपेतला कापून दिलेला वेळ आहे तो.

हा भाव आठवडी बाजारात मिळणार नाही, हे मीही जाणतो. तिथे गिरणीचे स्वस्त ब्लँकेट शेजारी असते. म्हणून माल तिकडे नेऊच नये. पहिली गोधडी घरासाठी. दुसरी लेकीच्या बाळंतपणाला. तिसरी झाली की मग प्रदर्शनाचा विचार. मुंबईत महालक्ष्मी सरसमध्ये राज्यभरचे बचत गट माल मांडतात. शहरातले गिऱ्हाईक हातच्या कामाची किंमत देते, पण सफाईही मागते. वजन, माप, कापड शंभर टक्के सुती आहे की नाही आणि धुण्याची रीत एका चिठ्ठीवर लिहून जोडावी. खोटे लिहू नये.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दोन शब्द

मंडळी, यात तुमचा खर्च फारसा नाही. वैशाखात महिनाभर दुपारी समाजमंदिर उघडे ठेवा. एक दिवा आणि पंखा लावून द्या. घरात मोठी गोधडी पसरायला जागा नसते, खरी अडचण तीच असते. महिला व बालकल्याणासाठी ग्रामपंचायत 10 टक्के निधी राखते. त्यातून कात्र्या, टेप आणि एक शिलाई मशीन गटाच्या नावे घेता आले तर ग्रामसभेत विषय मांडा. आणि फवारणीच्या कपड्यांची सूचना फलकावर मोठ्या अक्षरात लिहा. तिला तर एका खडूचाच खर्च आहे.

संत गाडगेबाबांना कित्येक ठिकाणी लोक गोधडेबुवा म्हणत. अंगावर ठिगळांचे वस्त्र आणि हातात खराटा घेऊन त्यांनी गावे झाडली. चिंधीची लाज त्यांना वाटली नाही, मग आपण का वाटून घ्यावी?

तर आज संध्याकाळी एवढेच करा. ते बोचके खाली काढा, उन्हात झटका आणि अकरा पिशव्यांत रंग वेगळे करा. फवारणीचा सदरा सापडला तर आधी तो बाजूला काढा. त्या वस्तीवरच्या आजींनी त्या सदऱ्याच्या जागी स्वतःच्या नेसूच्या लुगड्याचा अर्धा पदर घातला. म्हणाल्या, “याच्यात काय बी न्हाई, निस्ता माझा घाम हाय.” पोर त्यावर निर्धास्त झोपते.