जामीन झाला म्हणजे सुटला?

आमच्या नायगावच्या बाजारात एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. ‘अहो, त्याचा जामीन झाला, म्हणजे केसमध्ये काही दम नव्हता.’ ज्या घरची लेक गेली त्या घरी हे वाक्य पोहोचते तेव्हा काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. बिलोलीच्या कोर्टातून माणूस जामिनावर येतो, मोंढ्यात दिसतो, लग्नाच्या पंगतीत बसतो आणि गाव निकाल लावून मोकळे होते. प्रत्यक्षात खटल्याची सुरुवातही झालेली नसते.

‘हुंडाबळी’चे कलम 1986 मध्ये आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा अनैसर्गिक मृत्यू झाला आणि मृत्यूपूर्वी नजीकच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाला, तर शिक्षा किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. तेव्हाचे कलम 304-ब, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 80. खटल्यात हा छळ शाबीत झाला, की मृत्यूला छळणाराच कारण, असे न्यायालयाला गृहीत धरावे लागते. ते खोडून काढण्याचे ओझे आरोपीवर येते.

जामिनाच्या वेळी मात्र दोषी कोण हे ठरायचे नसते. सकृद्दर्शनी पुरावा काय, आरोपी पळून जाईल का, साक्षीदार फोडेल का, एवढेच पाहायचे. 2025 च्या मे महिन्यात पुण्याजवळच्या मुळशीतील प्रकरण गाजले. त्यात सासरा आणि दीर आठवडाभर फरार होते. जामिनाच्या अर्जावर असे फरार होणे आरोपीला जड जाते. उलट पोलिसांनी 90 दिवसांत दोषारोपपत्र दिले नाही, तर कोठडीतल्या आरोपीला जामीन हक्काने मिळतो. तिथे दम पुराव्यात नसतो असे नाही, तपासात नसतो!

आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाहीत. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सासू-सासऱ्यांना मिळालेला जामीन रद्द केला, नणंदांचा मात्र कायम ठेवला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि आधी मोटारसायकल, मग मोटार, अशी मागणी वाढत गेल्याचा आरोप होता. सासू स्त्री आहे म्हणून कायदा सवलतीची वाट ठेवतो, पण ती आपोआप मिळत नाही. म्हणूनच रागाच्या भरात फिर्यादीत साऱ्या नातेवाइकांची नावे घालणारे वकील मला पटत नाहीत. दूर नांदणाऱ्या नणंदेचे नाव घातले, की खऱ्या गुन्हेगाराविरुद्धची फिर्यादही पातळ होते.

‘नजीकच्या काळात’ म्हणजे किती, यावर बरीच वर्षे वाद झाला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्याचा अर्थ ‘मृत्यूच्या अगदी लगेच आधी’ असा नाही. छळ आणि मृत्यू यांचा जिवंत संबंध दिसला पाहिजे. म्हणजे प्रश्न शेवटी तारखांवर येतो.

इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. मुदत ठेव मोडायला आलेल्या बापाला कारण विचारावे, तर ‘घरचं काम हाय, साहेब’ एवढेच उत्तर. लग्नात दिलेले वेगळे. हे लग्नानंतरचे, प्लॉटसाठी नाहीतर जावयाच्या दुकानासाठी. पैसे काढण्याच्या स्लिपवर हुंड्याचा रकाना नसतो.

पुढे लेक गेली, तरी हे बाप पैशाचे बोलत नाहीत, कारण हुंडा देणे हाही गुन्हा आहे हे कुणीतरी कानावर घातलेले असते. ते खरे आहे. पण त्याच 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात, पीडिताने दिलेल्या जबाबामुळे त्याच्यावर या कायद्याखाली खटला भरता येत नाही, असेही लिहिले आहे. हे दुसरे वाक्य नायगावात मी कुणाच्या तोंडून ऐकले नाही.

पीडिताच्या कुटुंबाला जामिनाच्या सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. तिथे वकील विचारतो, ‘शेवटची मागणी कधी झाली?’ बाप म्हणतो, ‘सोयाबीनची पट्टी आली तवा.’ कोर्टाच्या कागदावर ही तारीख चालत नाही. खरी तारीख आडत्याच्या पट्टीवर असते, आणि दोन दिवसांनी रक्कम काढल्याची नोंद पासबुकात असते. ते पासबुक बहुधा घरातल्या पत्र्याच्या पेटीतच पडून असते.