फाइल उघडली, हे आधी कोणाला कळवायचं?

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) इथे दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडून मोठी रुग्णालयं. तेवढ्याच व्यापाच्या एखाद्या रुग्णालयाचा लिनक्सवर चालणारा सर्व्हर कल्पनेत आणा. सीटी स्कॅनच्या फाइली जड असतात, म्हणून काही वर्षांपूर्वीचे स्कॅन स्वस्त पण संथ टेपवर हलवले आहेत. डिस्कवर फाइलचं नाव, आकार आणि तारीख तेवढी उरली आहे. आत काहीच नाही. हिंगणघाटचा एक जुना रुग्ण परत येतो आणि डॉक्टर त्याचा तेव्हाचा स्कॅन उघडतात.

त्या क्षणी तीन प्रोग्रॅम कान टवकारून बसलेले असतात. एक टेपवरून मजकूर परत आणणारा, दुसरा अँटिव्हायरस आणि तिसरा कोणती फाइल केव्हा उघडली याची नोंद ठेवणारा. फाइल उघडली जाते आहे ही खबर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, आधी कोणाला द्यायची?

क्रम चुकला तर

समजा आधी अँटिव्हायरसला कळवलं. तो फाइल वाचतो आणि त्याला नुसती शून्यं दिसतात, कारण खरा मजकूर अजून टेपवर आहे. शून्यांत विषाणू कुठला? तो परवानगी देऊन टाकतो. मग टेपवाला प्रोग्रॅम मजकूर आणून भरतो आणि तो न तपासताच डॉक्टरांच्या पडद्यावर जातो.

अँटिव्हायरसच्या वाचनानेच टेपवाला जागा होणार नाही का, असं कोणी विचारेल. नाही होणार. सूचनेबरोबर कर्नेल ऐकणाऱ्याच्या हाती फाइलची जी उघडी प्रत देतं, तिच्यातून केलेल्या वाचनाची पुन्हा सूचना निघत नाही. ती निघाली असती, तर अँटिव्हायरस स्वतःच्याच वाचनासाठी स्वतःकडे परवानगी मागत कायमचा अडकून पडला असता. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे क्रमाचं महत्त्व आणखी वाढतं.

तीन वर्ग

लिनक्समध्ये हे काम फॅनोटिफाय नावाची यंत्रणा करते. तिच्याकडे नाव नोंदवतानाच प्रत्येक प्रोग्रॅमला आपला वर्ग सांगावा लागतो. पहिला वर्ग प्री-कंटेंट: फाइलमधला मजकूर अजून तयार व्हायचा आहे, तो तयार करणाऱ्यांचा. दुसरा कंटेंट: तयार मजकूर पाहून हो की नाही ठरवणाऱ्यांचा, अँटिव्हायरस इथला. तिसरा वर्ग नुसती खबर हवी असणाऱ्यांचा. नोंद ठेवणारा प्रोग्रॅम याच वर्गात येतो.

पहिल्या दोन वर्गांना अडवण्याचा अधिकार आहे. कर्नेल त्यांच्यापैकी एकाला विचारतं, उत्तर येईपर्यंत फाइल उघडणाऱ्याला थांबवून ठेवतं आणि मगच पुढच्याकडे वळतं. कोणी नकार दिला तर खालच्यांना विचारायची गरजच उरत नाही. उघडणाऱ्याला परवानगी नसल्याची चूक मिळते. तिसऱ्या वर्गासाठी कोणी थांबत नाही. खबर त्यांच्या रांगेत टाकली की कर्नेल पुढे निघतं.

म्हणून माझ्या मते अग्रक्रमाचा खरा प्रश्न फक्त अडवू शकणाऱ्यांपुरताच आहे. नुसती नोंद ठेवणाऱ्या दोन प्रोग्रॅमांपैकी कोणाला आधी कळलं, याने फाइलचं काही बिघडत नाही.

२०१० चा ऑक्टोबर

हे वर्ग सुरुवातीपासून नव्हते, आणि ते कसे आले ती हकिगत मला या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी वाटते. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत डीनोटिफाय होतं. ऑगस्ट २००५ मध्ये २.६.१३ बरोबर आयनोटिफाय आलं. ही दोन्ही फक्त खबर देणारी असल्याने क्रमावाचून कोणाचं अडलं नाही. पुढे रेड हॅटच्या एरिक पॅरिस यांनी या सगळ्यांखाली एक सामाईक पाया घातला आणि त्यावर अडवण्याची ताकद असलेलं फॅनोटिफाय उभं केलं. ते २.६.३६ मध्ये यायचं होतं.

आवृत्ती बाहेर पडायला थोडे दिवस उरले असताना त्वर्तको उर्सुलिन यांनी उणीव दाखवली: ऐकणाऱ्यांमध्ये अग्रक्रम ठरवायची सोयच नाही, मग टेपसारख्या साठ्यावरून फाइल आणणाऱ्यांनी आपला पहिला नंबर राखायचा कसा? उर्सुलिन स्वतः सोफोस या अँटिव्हायरस कंपनीत होते. पॅरिस यांचं म्हणणं होतं की ही सोय पुढच्या आवृत्तीत, आहे ते न मोडता घालता येईल आणि लोकांनी वापर सुरूही केला आहे. कर्नेल-विकसक ॲलन कॉक्स यांनी थांबायला सुचवलं. शेवटी पॅरिस यांनीच, नाराजी लिहून ठेवून, आपलं काम त्या आवृत्तीपुरतं बंद केलं. २.६.३६ फॅनोटिफायशिवाय बाहेर पडलं आणि जानेवारी २०११ च्या २.६.३७ मध्ये ते तीन वर्गांसह सुरू झालं.

थांबणं योग्यच होतं. कर्नेलने एकदा दिलेला करार सहसा मागे घेता येत नाही. क्रमाविना तो दिला असता तर प्रत्येक कंपनीने क्रमाची आपापली पळवाट शोधली असती.

यादी कशी लागते

एखाद्या प्रोग्रॅमची पाळत एका फाइलवर असू शकते, जोडलेल्या पूर्ण डिस्कवरही असू शकते. अशा प्रत्येक जागेची वेगळी यादी असते आणि तीत वरच्या वर्गाचे प्रोग्रॅम आधी येतात. घटना घडली की कर्नेल या याद्यांच्या टोकांची तुलना करून सगळ्यांत वरचा निवडतं. एकाच वर्गात दोघे असतील तर मेमरीतल्या पत्त्यावरून क्रम लागतो, म्हणजे त्यावर कोणी विसंबू नये.

यादी लावताना आणि याद्या एकत्र करताना तुलनेचा नियम एकच हवा. बराच काळ तो एक नव्हता, त्यामुळे 'या फाइलकडे दुर्लक्ष कर' अशी सूचना काही वेळा पाळलीच जात नव्हती. यान कारा यांनी २०१४ मध्ये दोन्हीकडे एकच तुलना लावून ते दुरुस्त केलं.

विंडोजमधली उंची आणि पुण्याची कंपनी

विंडोजमध्ये हाच प्रश्न आकड्यांनी सोडवला आहे. फाइलींवर नजर ठेवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्ट एक 'उंची' नेमून देतं. अँटिव्हायरससाठी ३,२०,००० पासून ३,२९,९९८ पर्यंतचा पट्टा आहे आणि दूरच्या साठ्यावरून फाइल आणणाऱ्यांसाठी १,८०,००० पासून १,८९,९९९. कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात वाढवलेल्या क्विक हीलचे ड्रायव्हरही मायक्रोसॉफ्टच्या या जाहीर यादीत आहेत.

इथे अँटिव्हायरस वर कसा, असं वाटेल. फाइलची मागणी उंचावरून खाली डिस्ककडे जाते आणि उत्तर खालून वर येतं. अँटिव्हायरस साधारणपणे उत्तर येताना तपासतो आणि तपासण्यासाठी त्याने केलेलं वाचनही खालच्या ड्रायव्हरांमधूनच जातं. म्हणजे मजकूर आणणारा तळाशी राहून आपलं काम आधी करतो.

२०२५ ची भर

लिनक्सच्या प्री-कंटेंट वर्गाला बरीच वर्षं एक अडचण होती. मजकुराचा कुठला तुकडा हवा आहे हे सूचनेत नसायचं, म्हणून पूर्ण फाइल आणावी लागे. मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत अमीर गोल्डस्टीन आणि जोसेफ बासिक यांच्या कामातून नवी घटना आली. ती प्रत्यक्ष वाचनाच्या आधी उठते आणि कुठपासून किती मजकूर हवा हेही सांगते. आपल्या डॉक्टरांना स्कॅनच्या एकाच भागाची गरज असेल, तर टेपवरून तेवढाच आणता येईल. ही घटना फक्त प्री-कंटेंट वर्गाला मागता येते. इतर वर्गाने मागितली तर कर्नेल नोंदणीच नाकारतं.