मंगळावरची बटाट्याची शेती

महिनाअखेरीस डब्यात तांदूळ किती उरले, ते किती दिवस पुरवायचे आणि पगाराला किती दिवस आहेत, हा हिशेब आपल्या माताभगिनींना कोणी शिकवावा लागत नाही. पण हाच हिशेब एखाद्या माणसाला मंगळ ग्रहावर एकट्याने करावा लागला तर? अँडी विअर या अमेरिकन लेखकाच्या ‘द मार्शियन’ या विज्ञान कादंबरीचा हाच विषय आहे.

विअर हे व्यवसायाने संगणक प्रोग्रामर. २००९ पासून त्यांनी ही कथा प्रकरणाप्रकरणाने लिहून आपल्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली. जाणकार वाचकांनी शास्त्रीय चुका दाखवल्या, त्यांनी त्या सुधारल्या. २०११ मध्ये त्यांनी ती स्वतःच प्रकाशित केली, २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने छापली आणि २०१५ मध्ये रिडली स्कॉट यांनी तिच्यावर चित्रपट काढला.

कथा अशी. मंगळावर उतरलेल्या सहा जणांच्या तुकडीला सहाव्याच दिवशी वादळामुळे परतावे लागते. मार्क वॉटनी मेला असे समजून बाकीचे पाच जण निघून जातात. पण तो जखमी असून जिवंत असतो. पृथ्वीशी संपर्क तुटलेला. शिल्लक अन्न एकट्याला ३०० दिवस पुरेल, काटकसर केली तर ४००. पुढची मोहीम मात्र चार वर्षांनी येणार!

वॉटनी नशिबाला दोष देत बसत नाही. तो वनस्पतिशास्त्रज्ञ आणि यंत्र अभियंता आहे. जेवणासाठी आणलेले काही कच्चे बटाटे त्याला सापडतात. मंगळाची माती निर्जीव, म्हणून तो तीत पृथ्वीवरून आणलेली चिमूटभर माती आणि मैला मिसळून सोनखत करतो. तिथे किळस आणि विटाळ यांना जागा नाही. जीव जगवणारे ते खत आहे, एवढेच तो जाणतो.

पाण्यासाठी तो यानाच्या इंधनातून, म्हणजे हायड्रॅझिनमधून, हायड्रोजन वेगळा करून जाळतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग झाला की पाणी होते, हे आपली मुले शाळेतच शिकतात. पण एकदा स्फोट होतो. कारण काय? आपण सोडलेल्या श्वासातही ऑक्सिजन असतो, ही नोंद त्याच्या हिशेबात राहून गेलेली असते. तो चूक लपवत नाही, रोजनिशीत लिहितो आणि पुन्हा कामाला लागतो. पुढे निवाऱ्याचा एक भाग फुटून हवा निघून जाते आणि उभे पीक गोठते. मातीतले जंतूही मरतात, म्हणजे पुन्हा लागवडीची आशाही संपते. काढून ठेवलेले बटाटे तेवढे उरतात.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेले ‘पाथफाइंडर’ यान शोधून तो पृथ्वीशी बोलू लागतो. मग त्याला वाचवण्याची धडपड सुरू होते. अन्न पाठवण्याच्या घाईत नेहमीच्या तपासण्या गाळल्या जातात आणि ते यान उड्डाणानंतर लगेच नष्ट होते. तेव्हा चीन आपले रॉकेट देऊ करतो. घराकडे निघालेले पाचही सहकारी आपला प्रवास दीड वर्षाने वाढणार हे ठाऊक असून एकमताने मागे वळतात. तो वाचतो की नाही, हे वाचकांनी पुस्तकातच पाहावे.

कादंबरीत उणिवाही आहेत. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे यान कलंडवणारे वादळ तिथे होऊ शकत नाही. हे विअर यांनीही मान्य केले आहे. मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार असल्याचे २००८ मध्ये ‘फिनिक्स’ यानाला आढळले होते. ते धुऊन काढल्याशिवाय तिथला बटाटा खाण्याजोगा होणार नाही.

तरीही दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. ‘हे गणित पुढे कुठे उपयोगी पडणार?’ असे विचारणाऱ्या मुलाला इथे उत्तर मिळेल. वॉटनीला कोणताही चमत्कार वाचवायला येत नाही. शिकलेले ज्ञान, चोख हिशेब आणि मागे वळणारी माणसे, एवढीच त्याची पुंजी आहे.