हत्तीपाय : नस्तर आणि पट्टी

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या मुलखाला हत्तीपायाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. क्युलेक्स डासाच्या दंशावाटे शिरलेले सूत्रकृमी लसीकावाहिन्यांत ठाण मांडून त्या निकामी करतात, आणि जो प्रथिनयुक्त द्रव रक्तात परतावयाचा तो पावलात साचू लागतो. आरंभी पाय उंच ठेवून निजले की सूज उतरते. पण वर्षे लोटली म्हणजे त्या द्रवाच्या जागी तंतुमय ऊती आणि चरबी वाढते, कातडीवर खडबडीत गाठी येतात, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरू गेल्यास ती मुळी उचलली जातच नाही. मग औषधाने कृमी मारले तरी पाऊल पूर्ववत होत नाही.

अशा वेळी नस्तराचा इलाज उरतो. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हॅव्हलॉक चार्ल्स यांचे नाव या शस्त्रक्रियेला जडले आहे. वास्तविक १९१२ साली त्यांनी वर्णिलेली शस्त्रक्रिया अंडकोशाच्या हत्तीरोगावरची होती, परंतु दप्तरात एकदा चढलेली नोंद सहसा खोडली जात नाही! पायावरील शस्त्रक्रियेत रोगट कातडी आणि तिच्याखालचा सुजलेला थर स्नायूंवरील आवरणापर्यंत काढून तेथे त्वचेचे कलम लावतात. जखम भरण्यास अवधी लागतो, कलम कधी धरत नाही, आणि मुख्य म्हणजे भार उतरला तरी निचऱ्याचा मार्ग बंदच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली लसीकावाहिनी शिरेला जोडण्याची नाजूक शस्त्रक्रियाही आहे, पण ती वाहिन्यांत जीव असतो तोवरच फळते.

म्हणून माझ्या मते खरा कारभार पट्टीच्या हाती आहे, आणि तो शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू होतो. पाय साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून (जंतू तेथूनच शिरतात आणि थंडीतापासह पाय लालबुंद होतो), प्रत्येक बोटाला निराळी पट्टी गुंडाळतात, घोट्यालगतचे खळगे स्पंजाने भरतात, आणि मग कमी ताणली जाणारी पट्टी पावलाशी घट्ट व गुडघ्याकडे सैल होत जाईल अशी चढवितात. चालताना पोटरीचे स्नायू तिच्यावर दाबले जाऊन द्रव वर ढकलतात. मात्र पायाच्या धमन्यांत रक्त नीट वाहते की नाही, हे डॉक्टरांनी तपासल्यावाचून ती आवळू नये.

जखम भरल्यावर दाबाचे मोजे येतात, तेही आजन्म. त्यांचा ताण सहा महिन्यांच्या सुमारास ढिला पडतो, आणि रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलाच्या बांधीत उभ्या राहणाऱ्या मजूर बाईने ते कोठे घालावेत, याचा बंदोबस्त कोणत्याही शस्त्रक्रियागृहात होत नाही.