उंबऱ्याच्या आतली चप्पल

तालुक्याच्या बाजारपेठेत चपलांच्या दुकानात जाऊन ‘डॉक्टर चप्पल’ मागितली, की दुकानदार फारसं न विचारता एका कोपऱ्याकडे वळतो. जाड, मऊ तळाच्या, रुंद पट्ट्यांच्या चपला तिथे टांगलेल्या असतात. कुणी त्यांना एमसीआर म्हणतं, कुणी आरोग्य चप्पल. टाच दुखते म्हणून ती घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं, की भारतातल्या दवाखान्यांत हे मऊ रबर आलं ते कुष्ठरोग्यांच्या पायांसाठी.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन म्हणून रुजू झाले. कुष्ठरोगात हातापायांची बोटं आपोआप झडतात, असा त्या काळी सर्वत्र समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे तळवे बारकाईने तपासले आणि वेगळंच कारण पुढे आलं. नसा बधिर झाल्यामुळे वेदना कळत नाही. वेदना कळत नाही म्हणून माणूस लंगडत नाही, भार दुसरीकडे सरकवत नाही, आणि दिवसभर त्याच जागेवर दाब पडून तिथे जखम होते. त्यावर उपाय होता तळव्यावरचा दाब पसरवणारं पादत्राण. त्यासाठी हवेच्या अतिसूक्ष्म कप्प्यांनी भरलेलं मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजेच एमसीआर, वापरात आलं. वर हे मऊ रबर आणि खाली झिजेला टिकणारं टणक रबर, अशी त्या चपलेची रचना. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून बधिर पायांच्या रुग्णांना आजही ती दिली जाते. पुढे मधुमेहींच्या पायांसाठी ती सांगितली जाऊ लागली, आणि मग टाचदुखीसाठीही.

वेल्लोरच्या रुग्णांना वेदना कळत नव्हती, टाचदुखीच्या रुग्णाला ती पावलोपावली कळते. तरी दोघांच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच आहे: दिवसभरात या पायावर किती भार पडतो, कुठे पडतो आणि कशावर उभं राहिल्यामुळे पडतो?

टाचदुखीची सर्वांत नेहमीची तऱ्हा म्हणजे प्लांटर फॅसायटिस. साधारण दर दहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ती गाठते, आणि चाळिशी ते साठी हा तिचा मुख्य काळ. टाचेच्या हाडाच्या तळापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तोलून धरणं हे त्याचं काम. जे. एच. हिक्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं, की पाऊल उचलताना बोटं वर वळली की विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा ताणला जातो आणि कमान उंचावते. चालताना प्रत्येक पावलाला हे घडतं. वजन वाढलं, पोटऱ्या आखडल्या, तासन्‌तास कडक जमिनीवर उभं राहावं लागलं, किंवा एकदम खूप चालणं-धावणं झालं, तर टाचेला जिथे पट्टा चिकटतो तिथे ताण साठत जातो. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडलेल्या अवस्थेत विसावतो. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो आणि टाचेत सुरी खुपसल्यासारखी कळ येते. चार-दहा पावलांनी ती थोडी ओसरते, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढते.

‘एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि ऐकणारा धास्तावतो. त्या वाढीला दोष देण्याची घाई करू नये. टाच अजिबात दुखत नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेत असं टोक दिसतं, आणि टाच असह्य दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत ते नसतं. बहुतेकांचं दुखणं ते टोक तसंच असताना थांबतं. म्हणून ‘हाड कापून टाका’ या सल्ल्यावर लगेच होकार देऊ नये.

आता आपल्या घरांकडे पाहू. पादत्राणांविषयीचे बरेचसे सल्ले जिथे लोक घरातही बूट-चपला घालतात अशा देशांतून आलेले असतात. मराठी घरात चप्पल उंबऱ्याबाहेर काढली जाते. बाहेर तास-दोन तास उत्तम बूट घालणारी बाई घरी आल्यावर उरलेला दिवस अनवाणी असते, आणि तेही शेणानं सारवलेल्या मऊ जमिनीवर नाही, तर व्हिट्रिफाइड टाइल, कोटा किंवा ग्रॅनाइटवर. पोळ्या, भाजी, भांडी, इस्त्री, सगळं उभ्यानं. सकाळी पहिलं पाऊल पडतं तेही याच फरशीवर. दुखऱ्या टाचेसाठी हजारो रुपयांचे बूट घ्यायचे आणि पलंगाखाली मात्र काहीच ठेवायचं नाही, ही उपचारातली मोठी गळती आहे. टाचदुखी असलेल्या माणसाची पहिली खरेदी घरात घालायच्या चपलेची असावी.

याला घरातून विरोध होतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. बाहेरची घाण स्वयंपाकघरात येऊ नये, हा त्यामागचा मूळ विचार आहे. म्हणून घरातला जोड कायमचा वेगळा ठेवावा. तो उंबरा ओलांडून बाहेर जाणार नाही, आठवड्याला धुतला जाईल, देवघराशी काढला जाईल. आजेसासूबाईंनाही एवढं पटवता येतं. तरीही ज्यांना ओट्याशी चप्पल नकोच असेल, त्यांनी तिथे जाड रबरी मॅट अंथरावी आणि वीतभर उंचीचा पाट ठेवून त्यावर आलटून पालटून एकेक पाय टेकवावा.

चप्पल निवडताना ‘ऑर्थो’, ‘डॉक्टर’ या शिक्क्यांवर विसंबू नये; ते कुणीही छापू शकतं. हातात घेऊन पाहावी. दोन्ही टोकं धरून पिळ्याप्रमाणे वळवली आणि ती सहज पिळली गेली, तर परत ठेवावी. वाकवून पाहिल्यावर ती चवड्यापाशी, म्हणजे बोटं वळतात तिथे वाकायला हवी. मधोमध दुमडणारी चप्पल कमानीला काहीच आधार देत नाही. टाचेखाली अंगठ्यानं दाबलं तर ते दबावं आणि लगेच पूर्ववत व्हावं. दबून तसाच खड्डा राहणारा स्वस्त फोम महिन्याभरात बसतो, आणि मग टाच पुन्हा जमिनीशी. कमानीचा उंचवटा आपल्या कमानीखाली येतो का, हे चालूनच कळतं. तो पुढे-मागे असेल तर नवं दुखणं सुरू होतं. टाचेचा भाग चवड्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असला तर पोटरीवरचा आणि पट्ट्यावरचा ताण हलका होतो. मागे पट्टा असेल तर आणखी बरं, कारण सैल चप्पल सावरताना बोटं सतत आवळली जातात. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि खरं माप मिळतं.

हवाई चप्पल या कसोट्यांवर उतरत नाही. कोल्हापुरीही नाही, हे जड मनानं सांगावं लागतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल चामड्याच्या कारागिरीचा अभिमानाचा ठेवा आहे. पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो. टाच दुखत असेल त्या महिन्यांत ती लग्नकार्यापुरती ठेवावी. दुखणं गेल्यावर खुशाल घालावी.

बुटात घालायच्या आधारांबाबत एक जुना अभ्यास फार उपयोगी आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५ केंद्रांवरचे २३६ रुग्ण होते. सर्वांना ताणाचे व्यायाम दिले. काहींना त्याबरोबर दुकानात मिळणारी सिलिकॉनची टाच-गादी दिली, काहींना रबराची वाटी, काहींना फेल्टची पट्टी, काहींना पायाचं माप घेऊन बनवलेला महागडा आधार. आठ आठवड्यांनी सिलिकॉनवाल्यांपैकी ९५ टक्क्यांना बरं वाटत होतं, रबराच्या गटात ८८, फेल्टच्या गटात ८१, नुसता व्यायाम करणाऱ्यांत ७२ आणि माप घेऊन बनवलेल्या आधाराच्या गटात ६८ टक्क्यांना. मेलबर्नमध्ये २००६ साली झालेल्या आणखी एका चाचणीत तयार आणि खास बनवलेले आधार साधारण सारखेच ठरले. दोन्हींचा थोडा फायदा पहिल्या काही महिन्यांत दिसला, वर्षभरानंतर तो उरला नाही. तेव्हा सुरुवातीलाच कुणी हजारोंचा ‘स्कॅन करून बनवलेला’ सोल गळ्यात मारत असेल, तर आधी औषधांच्या दुकानातली साधी सिलिकॉनची गादी वापरून पाहणं शहाणपणाचं. ती दोन्ही पायांत घालावी, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर कुरकुरते.

चप्पल आणि गादी भार हलका करतात. पट्ट्याला पुन्हा बळ येतं ते व्यायामानं, आणि इथेच बहुतेक रुग्ण कमी पडतात. सर्वांत महत्त्वाचा व्यायाम पलंगावरच, पहिलं पाऊल टाकण्यापूर्वी करायचा आहे. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हातानं पाचही बोटं नडगीच्या दिशेनं ओढावीत, तळव्यातली दोरी ताठ झालेली दुसऱ्या हाताला लागली पाहिजे. दहा सेकंद धरावं, सोडावं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टाच दुखणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेतल्या डिजोव्हानी आणि सहकाऱ्यांनी हा व्यायाम तपासला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नेहमीच्या पोटरीच्या ताणापेक्षा तो सरस ठरला. पोटरीचा ताण तरीही सोडू नये: भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट.

थोडा आराम पडल्यावर ताकदीचा व्यायाम. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सुचवलेली पद्धत घरच्या जिन्यावरही जमते. पायरीच्या कडेवर चवडा ठेवावा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, कठड्याला हात. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबावं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. वृद्धांनी आणि तोल जाणाऱ्यांनी हा फिजिओथेरपिस्टसमोरच शिकावा.

तापल्या विटेवर रुईची पानं ठेवून त्यावर टाच शेकायची, हा उपाय गावोगाव चालत आला आहे. उबेनं स्नायू सैल होतात, बरं वाटतं. तेवढ्यापुरता तो चांगला. मात्र मधुमेह असलेल्यांनी त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नये. पाय बधिर असतील तर भाजलेलं कळत नाही, आणि त्या भाजण्यातून चिघळलेली जखम पायावर बेतते. गरम पाण्याची पिशवीसुद्धा त्यांना वर्ज्य. बाकीच्यांनी पाण्याची बाटली बर्फ करून ती संध्याकाळी दहा मिनिटं तळव्याखाली फिरवली तर ठणका उतरतो.

स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे आराम मिळतो. पण वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी झिजण्याचा धोका असतो, आणि ती गादी एकदा झिजली की परत येत नाही. ‘एक सुई मारून टाका’ असा आग्रह रुग्णानं धरू नये. योग्य पादत्राण आणि नेमाचा व्यायाम यांच्या जोरावर दहापैकी आठ-नऊ जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. मात्र त्याला काही महिने लागतात, कधी वर्ष. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून व्यायाम सोडणारे अनेक असतात, त्यांची हकनाक परवड होते.

प्रत्येक टाचदुखी मात्र हीच नसते. तिशीच्या आतबाहेरच्या तरुणाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर आखडून हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञ गाठावा. पडून राहिल्यावरही ठणका असेल, मुंग्या येत असतील, सूज-ताप असेल, किंवा टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव जात असेल, तर चपला बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. आठ ते चौदा वर्षांच्या खेळाडू मुलांची टाचदुखी हाडाच्या वाढत्या भागातली असते, तिचा विचार वेगळा.

दिवाळी अंक हातात पडतो तो काळ टाचांच्या परीक्षेचा असतो. नवरात्रात नऊ दिवस डांबरी रस्त्यावर अनवाणी राहण्याचं व्रत अनेक जणी करतात. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो भाविक पायी जातात, आणि मागोमाग येतो फराळ. ज्यांची टाच आधीच दुखते त्यांनी अनवाणी व्रत देवळाच्या आवारापुरतं ठेवावं; भक्तीत त्यानं काही उणं पडत नाही. चकल्या, करंज्या टेबलाशी बसून कराव्यात आणि घरातल्या पुरुषांनी तळणाची पाळी घ्यावी.

आणि ज्यांना बसण्याची मुभाच नाही, त्यांचं काय? केरळमधल्या कापड दुकानांत विक्रेत्या महिलांना दिवसभर उभं ठेवलं जाई. कोळिकोडच्या विजी पेणकूट्टू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. २०१८ साली केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला, २०२१ मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. आपल्याकडच्या साड्यांच्या, मिठाईच्या, सोन्याच्या दुकानांतही या दिवसांत गिऱ्हाइकांची रीघ असते आणि काउंटरमागे कुणीतरी सकाळपासून उभं असतं. दुकानमालकांनी या दिवाळीत प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल ठेवावं, आणि गिऱ्हाइकांनी बसलेल्या विक्रेत्याला उद्धट समजू नये.