पुस्तकातले कोरे पान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवर पाटावर नवी चोपडी मांडतात. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, 'श्री' लिहितात, वर फूल आणि अक्षता वाहतात. त्या चोपडीत अजून एका पैचाही हिशेब नसतो. आपण पूजा करतो ती कोऱ्या पानांची. पण त्याच आठवड्यात हौसेने आणलेल्या एखाद्या कादंबरीत मध्येच कोरे पान निघाले, की आपल्या कपाळाला आठी पडते. 'छापायचे राहिले वाटते!' असे म्हणून घरातले कोणीतरी पुस्तक बदलून आणायला निघतेसुद्धा.

कधीकधी ही तक्रार रास्त असते. छापताना कागदाची एक बाजू कोरीच राहिली, तर वाक्य अर्ध्यावर तुटते आणि पुढच्या पानावर भलत्याच वाक्याचे शेपूट दिसते. असे पुस्तक दुकानदाराने बदलून दिलेच पाहिजे. पण प्रकरण नीट संपले आहे, मग एक बाजू कोरी आहे आणि पुढचे प्रकरण उजव्या हाताच्या पानावर सुरू झाले आहे, असे दिसले तर खुशाल समजावे की, ते पान सुटलेले नाही. कोणीतरी विचार करून ठेवलेले आहे.

ते का ठेवावे लागते, हे समजून घ्यायला घरातला वर्तमानपत्राचा एक मोठा कागद पुरेल. तो एकदा दुमडा. चार पृष्ठे झाली. पुन्हा दुमडा, आठ झाली. तिसऱ्यांदा दुमडा, सोळा झाली. पुस्तकेही अशीच तयार होतात. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी पृष्ठे छापायची, कागद दुमडायचा आणि कडा कापायच्या. या एका घडीला छापखान्यात फर्मा म्हणतात. सोळा पृष्ठांचा फर्मा सर्वांच्या परिचयाचा. गरज पडल्यास आठांचा अर्धा फर्माही घेतात. आता तुमचा मजकूर 116 पृष्ठे भरला, तर सात फर्म्यांत 112 पृष्ठे बसली आणि चार उरली. त्या चारांसाठी अर्धा फर्मा घ्यावा लागतो आणि पुस्तक 120 पृष्ठांचे होते. म्हणजे चार पृष्ठे कोरी! कागद काही मजकुराच्या मापाने दुमडत नाही.

इथे एक मौज सांगितली पाहिजे. मी मराठी शिकवतो, म्हणून ती माझ्या नजरेला चटकन येते. आपण बोलताना 'पान' आणि 'पृष्ठ' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण ते एक नव्हेत. पान म्हणजे पर्ण. ताडपत्रावर आणि भूर्जपत्रावर लिहिण्याच्या काळापासून हा शब्द आपल्याबरोबर चालत आला आहे. पृष्ठ म्हणजे पाठ, एक बाजू. एका पानाला दोन पृष्ठे असतात. जुन्या पोथ्यांत तर आकडा पानाला एकदाच घालीत, दोन्ही बाजूंना नव्हे. पोथीची पाने सुटी. तिला फर्म्याचे बंधन नाही आणि डावेउजवेही नाही. बांधीव पुस्तक आले आणि हे सारे बदलले. विषम आकडा उजवीकडे, सम आकडा डावीकडे, हा नियम झाला.

हा भेद नुसता शब्दांचा कीस नाही. 'मध्ये एक पान कोरे टाका,' असे तुम्ही संगणकावर बसलेल्या माणसाला सांगता, तेव्हा तो बहुधा एकच पृष्ठ घालतो. कारण त्याच्या पडद्यावर 'पेज' म्हणजे एक बाजू. त्याबरोबर पुढची सारी पृष्ठे एकेक घर सरकतात. उजवीकडचे डावीकडे जाते, डावीकडचे उजवीकडे. बांधणीच्या बाजूला ठेवलेला रुंद समास कित्येकदा बाहेरच्या कडेला येतो आणि अक्षरे शिवणीत जाऊन बसतात. पुस्तक पुरते उलगडत नाही आणि वाचणारा ते दोन्ही हातांनी फाकवून धरतो. म्हणून मध्येच भर घालायची असेल, तर ती दोन पृष्ठांची, म्हणजे खऱ्या अर्थाने एका पानाची घालावी. निदान पुढचे प्रकरण उजवीकडेच येते आहे ना, हे पाहून घ्यावे.

पूर्वी हे काम खिळ्यांनी होत असे. जावजी दादाजी यांनी मुंबईत 1864 मध्ये अक्षरे ओतण्याचा कारखाना आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. तिथून निघालेल्या देवनागरी खिळ्यांनी मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या कित्येक पिढ्या घडविल्या. त्या काळी जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी आणि सारी पृष्ठे लोखंडी चौकटीत आवळून बसवी. त्या चौकटीत जे पृष्ठ कोरे राहायचे असे, त्याची जागा रिकामी सोडून चालत नसे. तशी सोडली तर शेजारची पृष्ठे ढिली पडून खिळे घरंगळायचे. म्हणून तिथे खिळ्यांपेक्षा बुटके असे शिशाचे आणि लाकडाचे ठोकळे ठासून भरीत. ते उंचीला कमी असल्यामुळे त्यांना शाई लागत नसे आणि कागदावर काही उमटत नसे. वाचकाला जे कोरे दिसे, ते छापखान्यात भरलेलेच असे.

आज खिळे गेले आणि संगणक आला. तरी गंमत अशी की, ही जुनी रीत तिथेही सुटलेली नाही. डोनाल्ड क्नूथ या अमेरिकी गणितज्ञाला आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी नापसंत पडली, की 1977 मध्ये त्याने स्वतःच अक्षरजुळणीची एक संगणकप्रणाली लिहायला घेतली. तिचे नाव 'टेक'. ती त्याने सर्वांना मोफत वापरू दिली. पुढे लेस्ली लॅम्पोर्टने तिच्यावर 'लाटेक' उभारली, आणि 2004 मध्ये जोनाथन क्यू याने 'झीटेक' आणल्यावर युनिकोडमधली देवनागरी तिच्यात सरळ टंकता येऊ लागली. या प्रणालीला 'नवे पान काढ' अशी आज्ञा लागोपाठ दोनदा दिली, तरी कोरे पान मिळत नाही. ज्या पानावर काहीच नाही ते पानच नव्हे, असे तिचे मत! मग दोन आज्ञांच्या मध्ये एक रिकामी, डोळ्यांना न दिसणारी पेटी ठेवावी लागते. त्या पेटीच्या मानाने ती कोरे पान देते. पण वर पुस्तकाचे नाव आणि पृष्ठांक छापतेच. तेही नको असतील, तर 'या पृष्ठावर काही नको' अशी आणखी एक आज्ञा लागते. इनडिझाइनसारख्या प्रणालीत पृष्ठ घालणे एका टिचकीचे काम आहे. पण तिथेही त्या पृष्ठाचा साचा काढून टाकल्याशिवाय शीर्षक आणि आकडे हटत नाहीत. घरच्या संगणकावर पत्रे लिहिणारी मंडळी 'एंटर'ची कळ वीस-तीस वेळा दाबून कोरे पान काढतात. ते टिकत नाही. वरती दोन ओळी वाढल्या की सारे घरंगळते. त्यासाठी पान तोडण्याची स्वतंत्र आज्ञा असते, तीच वापरावी.

तात्पर्य, कोरे पान आपोआप होत नाही. ते कोणीतरी ठेवावे लागते. आणि ठेवायचेच, तर कशासाठी, हा प्रश्न येतो.

आमच्या खालापूर भागातले एक उदाहरण सांगतो. मुंबई-पुण्याच्या वाटेवर ज्यांची गाडी टोलनाक्याशी थांबते, त्यांना खालापूर एवढेच माहीत असते. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगरांच्या कुशीत ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. अशाच एका वाडीची माहिती आमच्या विद्यार्थ्यांनी दोन उन्हाळे हिंडून गोळा केली. झऱ्यांची नावे, रानभाज्या, झाडपाल्याची औषधे, लग्नातली गाणी, कोणत्या खडकाला काय म्हणतात, असे सगळे. पुस्तिका संगणकावर त्यांनीच जुळवली. ती भरली 52 पृष्ठे. छापखान्याचा हिशेब झाला तीन फर्मे आणि एक अर्धा, म्हणजे 56. चार पृष्ठे उरली.

छापखान्यातले गृहस्थ व्यवहारी. ते म्हणाले, "गुरुजी, चार जाहिराती घ्या, छपाईचा निम्मा खर्च निघेल." सल्ला वाईट नव्हता, पैशांची चणचण होतीच. कोणी म्हणाले, मान्यवरांचे संदेश छापा. एका विद्यार्थिनीने मात्र हट्ट धरला. ती म्हणाली, "सर, पुस्तक वाडीचं आहे. उरलेलं वाडीला देऊ या." बराच खल झाला आणि अखेर तिचेच खरे झाले. दोन पाने, म्हणजे चार पृष्ठे, शेवटी कोरी ठेवली. फक्त पहिलीच्या माथ्यावर 'पुढचे तुम्ही लिहा' एवढी ओळ घातली.

पुस्तिका घेऊन आम्ही वाडीवर गेलो. एका म्हाताऱ्या आजीने ती हातात घेतली, अगदी शेवटापर्यंत उलटली आणि विचारले, "अन् इथं काय लिवलंच नाय?"

"ते तुमच्यासाठी आहे, आजी."

तिला लिहिता येत नव्हते. तिने नातीला हाक मारली, ओटीवर बसवले आणि सांगू लागली. वरच्या अंगाला दोन झरे होते. ती लहान असताना उन्हाळ्यात त्यांचेच पाणी आणीत. पुढे ती वाट मोडली आणि झऱ्यांकडे कोणी जाईनासे झाले. दोघांची नावे त्या मुलीने पेन्सिलीने लिहिली. आजीखेरीज ती नावे वाडीत कोणालाच ठाऊक नव्हती. चार जाहिराती घेतल्या असत्या, तर ती आजीबरोबरच गेली असती.

हे भय पोकळ नाही. खालापूर तालुक्यातलीच, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेली. घरांबरोबर माणसे गेली. आणि माणसांबरोबर त्यांना तोंडपाठ असलेले काय काय गेले, त्याची मोजदाद कोणत्याही पंचनाम्यात होत नसते. वाचलेल्यांना सरकारने खाली नवी घरे दिली. वाट्या-कढया पुन्हा घेता येतात. आजीने सांगितलेली गोष्ट पुन्हा घेता येत नाही.

मोठ्या माणसांचेही असेच होते. खोपोलीचा तलाव आणि तिथले महादेवाचे देऊळ नाना फडणीसांनी बांधविले. साऱ्या दौलतीचा हिशेब ज्यांच्या हाती, त्या नानांनी स्वतःचे आत्मचरित्रही लिहायला घेतले. ते बालपणापासून सुरू होते आणि पानिपताच्या काळापाशी थांबते. 1761 पासून 1800 पर्यंतची जवळजवळ चाळीस वर्षे, ज्यांत त्यांचे खरे कर्तृत्व, ती त्यांच्या हातची आपल्याला मिळत नाहीत. इतरांची कागदपत्रे वाचून इतिहासकार ती भरून काढतात. पण नानांना स्वतःला त्या दिवसांत काय वाटले, हे कळायला दुसरी वाट नाही.

कोऱ्या पानाला थोडी थट्टाही चालते. अठराव्या शतकात लॉरेन्स स्टर्न या इंग्रज लेखकाने 'ट्रिस्ट्रम शँडी' ही कादंबरी 1759 ते 1767 या काळात नऊ भागांत प्रसिद्ध केली. तीत एका विधवेच्या सौंदर्याचे वर्णन यायचे तिथे त्याने पृष्ठ कोरेच सोडले आणि वाचकाला सांगितले, की तुमच्या मनातली सुंदरी तुम्हीच काढा. आपल्याकडे परीक्षेच्या प्रश्नपुस्तिकेत 'कच्च्या कामासाठी जागा' असे लिहून पृष्ठ सोडतात, तेही त्यातलेच. इथले उरलेले तुझे, असेच दोन्हीकडे वाचकाला सांगितलेले असते.

अर्थात कागद महाग आहे, आणि पुस्तक जाड दिसावे म्हणून प्रत्येक प्रकरणाआड कोरी पाने पेरणारे प्रकाशकही असतात. त्यांची तरफदारी मला करायची नाही. कोरे पान ठेवताना ते कोणाच्या उपयोगाचे, याचे उत्तर आपल्यापाशी असले म्हणजे झाले. वाचकाला क्षणभर विसावा, पुढच्या प्रकरणाला उजवी बाजू, किंवा लिहायला जागा, यांपैकी एक तरी कारण हवे.

हल्ली घरोघर छोटी पुस्तके निघू लागली आहेत. आजोबांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आठवणी, आईच्या हातच्या पाककृती, घराण्याची वंशावळ. भाचा किंवा पुतणी संगणकावर जुळवणी करते आणि शंभर प्रती छापून नातेवाइकांना वाटतात. या दिवाळीत तुमच्या घरी असा बेत शिजत असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. छापायला देण्यापूर्वी छापखान्याला फर्मा किती पृष्ठांचा ते विचारा आणि उरणारी पृष्ठे आधीच मोजा. ती शेवटी एकगठ्ठा न टाकता जिथे लेखणी चालेल तिथे ठेवा. वंशावळीत प्रत्येक शाखेपुढे, पाककृतींत प्रत्येक सणापुढे. गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई पसरते, म्हणून साधा कागद घ्या. आणि पुस्तक घरी आले की, ते कपाटात ठेवण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाला जवळ बसवून त्यांच्या तोंडची एक तरी ओळ त्या पानावर उतरवून घ्या. त्यांना लिहिता येत नसेल, तर नातवंडाच्या हाती पेन्सिल द्या.